साखळीतली फट

"साखळी धरा," सर म्हणाले.

कारखान्याच्या मैदानावरचा माझा पहिला दिवस. सकाळची वेळ. मैदानाला नुकतंच पाणी मारलेलं, फक्कीच्या रेषा पांढऱ्याफेक. आम्ही सातजण अर्धगोलात उभे राहिलो. कबड्डीत बचाव करताना शेजारशेजारचे गडी एकमेकांचा हात धरतात, त्याला साखळी म्हणतात. चढाई करणारा आत शिरला की ही साखळी त्याच्याभोवती आवळायची. मी उजव्या कोपऱ्यात होतो. कोपऱ्यातल्याला धरायला एकच हात मिळतो, आतल्या बाजूचा. माझ्या आतल्या बाजूला अरविंदराव होते. चेअरमनचे पुतणे.

मी हात पुढं केला.

अरविंदरावांनी माझ्या हाताकडं पाहिलं. कमरेला खोचलेला रुमाल काढला. झटकला. एक टोक स्वतःच्या मुठीत ठेवलं आणि दुसरं माझ्यापुढं केलं.

"हे धर."

पलीकडचा एकजण फिस्सकन हसला. "आन् पंचानं इचारलं तर?"

"पंच यील तवा बघू. आत्ता तर आपलंच मैदान हाय."

सरांनी पाहिलं. मग ते खाली वाकले आणि न सुटलेली बुटाची नाडी बांधत बसले.

मी रुमालाचं टोक धरलं.

रुमाल पुढं करणं हे त्यांचं होतं. टोक धरणं हे माझं. माणसं मला विचारतात, तुझा अपमान झाला म्हणजे नेमकं काय झालं? मी सांगतो, नेमकं एवढंच झालं. मी ते टोक घट्ट धरलं. सुटू नये म्हणून बोटाला एक वेढाही दिला.

का धरलं ते सांगतो.

आमचं गाव कळंब तालुक्यातलं. गावातली माणसं आमच्या वस्तीला महारवाडा म्हणायची, आम्ही बुद्धवाडा म्हणायचो. बहात्तरच्या दुष्काळात माझे आईबाप रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. बाप त्या कामावरून खोकला घेऊन आला आणि त्यातच गेला. त्याच रस्त्यावरून पुढं कारखान्याचे उसाचे ट्रक धावायला लागले. कारखाना आला तशी माणसांची बोली बदलली. आधी वस्तीत कुणाचं बरं चाललंय हे सांगायचं तर म्हणायचे, त्याच्या घरी ज्वारी आहे. आता म्हणायला लागले, त्याचा पोरगा कारखान्यात कायम आहे. कायम हा शब्द माझी माय देवाचं नाव घ्यावं तसा घ्यायची. देव तिनं धर्मांतरात सोडला होता. हा शब्द धरला.

त्या काळात प्रत्येक चेअरमनला आपला संघ हवा असायचा. कारखान्या-कारखान्यांत सामने व्हायचे. शील्ड आणलं की पंचक्रोशीत चेअरमनची मान ताठ. म्हणून गावोगावचे चांगले गडी हेरायचे, हंगामी कामगार म्हणून घ्यायचे आणि सकाळ-संध्याकाळ खेळवायचे. मधल्या वेळात मी भुशाच्या यार्डात असायचो. ऊस पिळून उरलेला भुसा ढीग लावून ठेवायचा. अंगाला खाज सुटायची. पण पगार होता. आणि चेअरमन म्हणाले होते, "खेळून दाखव. मग कायमचं बघू."

माझी पकड जिल्ह्यात चांगली होती. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. अरविंदरावांची पकड कच्ची होती. म्हणून सरांनी त्यांना सगळ्यात पक्क्या कोपऱ्याशेजारी उभं केलं. तो पक्का कोपरा मी. त्यांचा कच्चेपणा झाकायला मी लागत होतो, पण माझा हात लागत नव्हता.

संघात मला नावानं कुणी हाक मारत नव्हतं. "कोपरा" म्हणायचे. कोपरा, इकडं ये. कोपरा, बॅग उचल. रशीद तेवढा मला नावानं बोलवायचा. रशीद आमचा चढाईवाला. नळदुर्गचा. हायवेवर त्याच्या अब्बांचं टायरच्या पंक्चरचं दुकान. तोही माझ्यासारखाच हंगामी.

कुणी म्हणेल, कबड्डीत तर अंगावर अंग पडतं, मग विटाळ कसला? बरोबर आहे. पकड झाली की सातजणांचा ढिगारा व्हायचा. अरविंदराव माझ्या पाठीवर पडायचे. त्यांचा घाम माझ्या तोंडावर यायचा. तिथं काही नव्हतं. मला ते बरीच वर्षं कळलं नाही. मग कळलं. ढिगाऱ्यात पडणं हे काम आहे. आमच्या लोकांच्या अंगाला कामासाठी हात लावायला त्यांना कधीच अडचण नव्हती. हातात हात देऊन शेजारी उभं राहणं ही बरोबरी. अडचण तिथं होती.

पहिल्या स्पर्धेत पंचांनी तो रुमाल पाहिला. म्हणाले, "हे काय? कापड चालणार नाही. खिशात घाला."

अरविंदरावांनी रुमाल ठेवला. आणि हात माझ्या हाताजवळ आणून थांबवला. वीतभर अलीकडं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, साखळी आहे. जवळून पाहिलं तर फट.

चढाईवाला लांबून बघत नाही. त्याला ती फट दिसली. तो सरळ आमच्या दोघांच्या मध्ये शिरला, अरविंदरावांना हात लावला आणि निघून गेला. त्याचा हात लागला की आपला गडी बाद. दुसऱ्यांदा तसंच. सर बाहेरून माझ्यावर ओरडले.

"कोपरा! झोपलास का?"

त्या दिवशी मी एक गोष्ट हेरली. चढाईवाला मध्यरेषा ओलांडून आला की त्याची नजर सगळ्यांवरून फिरते आणि त्या फटीवर येऊन थांबते. त्याला वाटतं, इथं भोक आहे. मग तो तिकडंच येणार. मला माहीत असलं की तो कुठं येणार, तर मला साखळी कशाला हवी? मी खाली बसलो. तो फटीत आला. मी एकट्यानं त्याचा घोटा धरला आणि मातीला गाल घासत लोंबकळलो. तो मला ओढत गेला, पण रेषेपर्यंत पोचला नाही.

लोक उभे राहिले. शिट्ट्या.

सामना संपल्यावर सर माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे चमकत होते. "ती फट अशीच राहू द्यायची," ते म्हणाले. "हे आमिष हाय. समजलं का? हा आपला डाव."

तिथून तो डाव झाला. अरविंदराव हात द्यायचे नाहीत हा डाव. सर पाहुण्या प्रशिक्षकांना तो समजावून सांगायचे. चेअरमन मंडपात शेजाऱ्याला सांगायचे, "आता बघा, पोरगं कसं गळाला लागतंय." अरविंदरावांनाही टाळ्या मिळायच्या, कारण फट धरून उभं राहणं हे धाडसाचं काम ठरलं. आणि मी? मी खूश होतो. लाज वाटते सांगायला, पण मी मनापासून खूश होतो. माझ्या तोंडावर मारलेली चपराक मी दागिन्यासारखी घालून फिरत होतो. भूम-परांड्यापर्यंत माणसं मला ओळखायला लागली. "हाच तो. एकटा पकडतो."

एकटा पकडतो म्हणजे काय होतं ते माझ्या अंगाला माहीत. साखळीत धक्का दोघांत वाटला जातो. एकट्यावर सगळा येतो. चढाईवाल्याचा गुडघा तोंडावर बसून माझा पुढचा दात गेला. उजवा खांदा निखळायला लागला. एकदा निखळला की तो निखळतच राहतो. सामन्याच्या मध्येच रशीद पायाचा टेका देऊन तो बसवायचा.

असाच एकदा खांदा बसवताना तो म्हणाला, "क्या मियाँ, तुझ्या शेजारी अरविंदराव उभे असतेत का अरविंदरावांचा फोटू?"

"तो डाव हाय," मी म्हणालो.

"हौ. डाव. आमच्या शेजारच्या गॅरेजात पण एक हाय. मालक खुर्चीत बसतो आन् ट्रक नोकराच्या पाठीवर उभा ऱ्हातो. लई भारी डाव हाय तो."

"चढाईवाल्याला पकडीतलं काय कळतं? गप खांदा बसव."

"बसवतो बाबा. तू नाराज नक्को होऊ." त्यानं झटका दिला. मी ओरडलो. तो हसला, पण नेहमीसारखा नाही.

माय मिठाच्या पुरचुंडीनं खांदा शेकायची. तिनंही विचारलं. "सात गडी असतेत म्हनं. मग तू असा एकटाच का भिडतुस? बाकीचे काय जेवाय गेल्ते व्हय?"

"माय, तुला खेळातलं कळत न्हाय."

"न्हाय कळत. खडी फोडताना पन आमी दगुड दोघी मिळून उचलायचो, म्हनून इचारलं."

मी कूस बदलली. दोघांनी मला विचारलं आणि दोघांनाही मी गप्प बसवलं.

मग पुन्हा दुष्काळ पडला. बहात्तरइतका नव्हे, पण विहिरी तळाला गेल्या. त्या उन्हाळ्यात हंगाम संपल्यावर मी गावी आलो होतो. आमच्या वस्तीतल्या पोरांनी आटलेल्या तळ्यात कबड्डीचं मैदान आखलं होतं. भेगाळलेल्या गाळावर माती पसरून. मला बघून पोरं हरखली. "दादा आले, दादा आले" म्हणत सगळ्यांनी गलका केला आणि मला खेळून दाखवायला लागली.

सात पोरं बचावाला उभी राहिली. माझ्या चुलतभावाचा पोरगा कोपऱ्यात. त्याच्या शेजारी त्याचा सख्खा भाऊ. दोघांचे हात वीतभर अंतरावर. पलीकडच्या दोघांचेही तसेच. सात पोरं, एकाच वस्तीतली, एका भाकरीवर वाढलेली, आणि कुणाचा हात कुणाच्या हातात नाही.

मला वाटलं, अजून तयार व्हायची आहेत. पण चढाई सुरू झाली.

"साखळी का धरत न्हाय रे?" मी ओरडलो.

कोपऱ्यातलं पोरगं वळलं. त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "साखळी जुनी झाली, दादा. कारखान्याचा संघ कुठं धरतो? हात सोडून ऱ्हायलं की समोरचा फसतो. तुमीच तर दावलंय."

धाकट्याच्या गळ्यात फडक्याची झोळी होती आणि त्यात त्याचा डावा हात. तरी तो उभा राहिला होता. गळपट्टीचं हाड मोडलेलं. एकट्यानं पकड करायला गेला होता. त्याची आई बांधावरून म्हणाली, "लागतंय, चालायचंच. तुमच्यावानी हुईल तर बरंच की."

मी म्हणालो, "हात धरा. एकमेकांचे हात धरून खेळा."

"मग तुमी का न्हाय धरत?" थोरल्यानं विचारलं. उर्मटपणे नाही. शिकायचं होतं त्याला.

खरं उत्तर द्यायचं तर या पोरांना सांगावं लागत होतं की तुम्ही ज्याची नक्कल करताय तो डाव नाही. माझ्याशेजारचा माणूस माझ्या हाताला शिवत नाही म्हणून ती फट आहे. मी ती लपवली, मिरवली, आणि तुमच्यापर्यंत आणून पोचवली. त्यांनी ती भावाभावांत घातली.

मी तसाच तळ्यातून वर आलो. चप्पल तिथंच राहिली हे घरी आल्यावर कळलं.

ठरवलं ते त्या दिवशी. पुढच्या सामन्यात हात मिळाला तरच खेळायचं.

पुढचा सामना म्हणजे अंतिम सामना. कळंबच्या बाजारतळावर. समोर सोलापूरकडच्या एका कारखान्याचा संघ. चेअरमननी आदल्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "शील्ड आणा. हंगामी खेळाडूंना दुसऱ्या दिवशी कायमची ऑर्डर." रशीदनं माझ्या बरगडीत कोपर मारलं होतं. त्याच्या अब्बांचे डोळे गेले होते, दुकान उधारीवर चाललं होतं. मायला मी हे सांगितलं नाही. तिला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं, आणि तिनं अंगण सारवलं.

सामन्याच्या दिवशी मैदानावर टँकरनं पाणी मारत होते. बाजूच्या गल्लीत घागरींची रांग. एक बाई कमरेवर हात ठेवून ओरडली, "आवं टँकरवाले, आमच्या घागरीत बी एकदा कबड्डी खेळा की!" लोक हसले. टँकरवाला मान खाली घालून पाणी मारत राहिला.

मैदानात उतरायच्या आधी मी अरविंदरावांना गाठलं.

"आज साखळी धरून खेळू. हात द्या."

ते पट्टी बांधत होते. वर न बघता हसले. "शील्ड घेऊ आधी. मग मिरवणुकीत धरू हात. वाजतगाजत."

पहिला डाव मी तसाच खेळलो. हेही सांगायला हवं. शिट्टी वाजली, फट उघडी राहिली, आणि माझं अंग माझ्या आधी खाली बसलं. मी पकडी केल्या. टाळ्या पडल्या. वस्तीतली पोरं ट्रकच्या टपावर बसून माझ्या नावानं ओरडत होती. त्या ओरडण्यानं मला भाजल्यासारखं झालं.

मध्यंतरात मी सरांना म्हणालो, "दुसऱ्या डावात मी साखळीतच पकड करणार. हात मिळाला तर."

सरांना काय ते लगेच कळलं. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "आज हे काढू नको, बाबा. कायमची ऑर्डर निघू दे. मग काय ते बघ. तुझ्या आईकडं बघ."

"सर, तुम्ही अरविंदरावांना सांगा. एकदा. फक्त सांगा."

सर पाण्याची बाटली शोधायला गेले.

दुसरा डाव. आम्ही थोडक्यात पुढं होतो. त्यांचा चढाईवाला दम घेऊन आत आला. त्याची नजर फिरली आणि फटीवर थांबली. मी खाली बसलो नाही. सरळ उभा राहिलो आणि हात अरविंदरावांकडं लांब केला.

"हात द्या."

"खाली बस! आला तो!"

"हात द्या, अरविंदराव."

त्यांनी हात मागं घेतला. पाठीमागं. लपवावा तसा. चढाईवाल्यानं त्यांना शिवलं आणि आरामात परत गेला. बाजारतळावर कुजबुज पसरली. सर ओरडले, "कोपरा! काय झालं तुला?"

रशीदनं पुढच्या चढाईत एक गडी मारून आणला. एक गडी मारला की आपला बाद झालेला गडी परत येतो. अरविंदराव परत येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. पुढं तेच झालं. चढाईवाला आला, मी हात लांब केला, त्यांनी घेतला नाही. गुण गेला. रशीदनं तो पुन्हा भरून काढला. माझ्या जवळून जाताना तो धापा टाकत म्हणाला, "क्या कर रहा यार? पकड ना!" मी त्याच्याकडं बघितलं नाही.

मग गर्दीतून एकजण ओरडला. हात न धरण्याचं कारण त्याला माहीत नव्हतं, खेळ माहीत होता. "आरं हात धर की त्येचा! पोळतंय का?" दुसरा म्हणाला, "साखळी!" मग सगळ्या बाजूनं तेच सुरू झालं. "साखळी! साखळी!" पानवाले, आडतीवरचे हमाल, घागरी घेतलेल्या बायका. सगळं कळंब अरविंदरावांना माझा हात धरायला सांगत होतं.

अरविंदरावांनी मंडपाकडं पाहिलं. चेअरमन पुढच्या खुर्चीत होते. त्यांनी एक बोट जरी हलवलं असतं तरी झालं असतं. त्यांनी पानाचा डबा उघडला आणि त्यात बघत बसले.

शेवटची चढाई. गुण बरोबरीत. त्यांचा गडी आत आला. माझा हात पुढं होता. खांदा दुखायला लागला होता, तरी मी तो खाली घेतला नाही. अरविंदरावांचा हात पाठीमागं होता. चढाईवाला थबकला. दोन्ही हातांकडं पाहिलं. मला आजही वाटतं, त्याला तेव्हा कळलं. तो क्षणभर दम विसरेल असं वाटलं. मग त्यानं झेप घेतली, अरविंदरावांच्या छातीला बोटं लावली आणि मागं उडी मारली. मी घोटा धरू शकलो असतो. तो माझ्या हाताखालूनच गेला.

शिट्टी.

ट्रकच्या टपावरची पोरं एकेक करून खाली उतरली. मंडपातल्या खुर्च्या सरकल्या. अरविंदराव माझ्यावर धावून आले, दोघांनी त्यांना आवरलं. "खालला त्यो खालचाच ऱ्हानार!" ते ओरडले. इतकी वर्षं रुमालात गुंडाळलेलं ते असं भर बाजारात पडलं. मला बरं वाटलं. आता तरी ते डाव नव्हतं.

रशीद मैदानाच्या कडेला मातीत बसला होता. मी त्याच्यापाशी गेलो.

"माझं पण कायम गेलं," तो म्हणाला.

"रशीद..."

"मला आधी सांगायचं होतंस. निदान सांगायचं." त्यानं तोंड पुसलं. "मी काय नक्को म्हटलो असतो का? म्हटलो पण असतो. पण विचारायचं होतंस."

मी त्याच्या शेजारी मातीत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमननी मला कारखान्याच्या गेस्ट हाउसवर बोलावलं. ते रागावलेले नव्हते. शांत होते. समोर खुर्ची होती, पण बस म्हणाले नाहीत.

"मी जातपात मानत नाही," ते म्हणाले. "मानत असतो तर तुला संघात घेतलं असतं का?"

"मग हात का न्हाय दिला, साहेब?"

"पोरगं हट्टी आहे. त्याला मी घरात सांगीन. पण ही गोष्ट चारचौघांत न्यायची होती का? कारखान्याची निवडणूक तोंडावर आहे. लोक काहीबाही बोलतायत." त्यांनी सुपारी कातरली. "तू एक कर. तुझ्या पायाला गोळा आला होता. खेळाडूला येतो. पायाला गोळा आला, म्हणून पकड करता आली नाही. हात लांब केला होता तो आधारासाठी. एवढंच सांगायचं. उद्या सभासदांच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर. शील्ड गेलं तर गेलं. तुझी ऑर्डर मी काढतो. त्या रशीदचीही काढतो."

मी उभा होतो. मायनं सारवलेलं अंगण डोळ्यांपुढं आलं.

"रशीदला विचारून सांगतो," मी म्हणालो.

रशीद बाहेर व्हरांड्याच्या पायरीवर होता. त्यालाही बोलावून ठेवलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं.

"मला नक्को विचारू," तो म्हणाला. "मी हो म्हणीन. अब्बांची हालत तुला माहीत हाय. मी हो म्हणीन आन् तू पण तसं सांगशील. मग आपण दोघं कायम होऊ आन् एकमेकांच्या तोंडाकडं बघणार न्हाय." तो उठला. "काल विचारायचं होतं. आज तूच ठरव."

मी आत गेलो.

"माझ्या पायाला गोळा आला नव्हता, साहेब. पाय ठणठणीत आहेत."

"विचार कर."

"तुमच्या पुतण्यानं माझा हात धरला नाही. पहिल्या दिवसापासून धरला नाही. मीटिंगमध्ये सांगायचं असेल तर हे सांगतो."

चेअरमननी मान वळवली. बाहेरच्या माणसाला म्हणाले, "ह्याचा हिशेब करून टाका."

रशीदचाही केला. तो नळदुर्गला टायरच्या दुकानावर बसला. ते माझ्यामुळं. हे मी कधी झटकलं नाही आणि कुणी माझी समजूत काढावी असंही मला वाटत नाही. मायनं मला एका शब्दानं विचारलं नाही. रोजगार हमीच्या कामावर आम्ही दोघं बरोबर गेलो.

पुढं सोलापूरच्या एका गिरणीच्या संघानं मला घेतलं. तिथं पहिल्याच दिवशी शेजारच्या गड्यानं न बघता माझा हात धरला. त्याला त्यात काही विशेष नव्हतं. पण मला खेळता येईना. धरलेला हात ओढल्यासारखा वाटायचा. मी एकटाच पुढं जायचो, साखळी तुटायची, तो बिचारा माझ्यामागं फरफटत यायचा. माझं अंग फक्त फटीत खेळायला शिकलं होतं. दोन हंगामांत त्यांनी मला काढलं. त्यांची चूक नव्हती. माझी खेळायची वर्षं अशी संपली. ती कुणी खाल्ली हे मला माहीत आहे.

कारखान्याच्या माणसांनी पायाच्या गोळ्याची गोष्ट मी न सांगताच पसरवली. आज वयस्क माणसं एसटी स्टँडवर भेटतात. हळहळून म्हणतात, "तुझ्या पायाला ऐनवेळी गोळा आला, न्हायतर शील्ड आपलंच होतं." चांगली माणसं आहेत. मला वाचवायला बघतात. हो म्हटलं की चहा मिळतो आणि बोलणं गोडीनं संपतं.

मी हो म्हणत नाही. सोलापूरहून परत आलो त्या दिवशी आधी वस्तीत गेलो. सगळ्या पोरांना, त्यांच्या आयांना बसवलं आणि रुमालापासून सगळं सांगितलं. मग कारखान्याच्या फाटकावर सांगितलं. बाजारात सांगितलं. एसटी स्टँडवर चहाचा कप खाली ठेवून सांगतो. अरविंदरावांचं नाव घेऊन, त्यांच्या चुलत्याचं नाव घेऊन, आणि खाली वाकलेल्या सरांचंही. लोक अवघडतात. उठून जातात. जाऊ देत. माझी नोकरी घेतली, माझा खेळ घेतला. आता हरण्याचं खरं कारणही काढून घेऊ बघताय. ते मी देणार नाही.